खाच

रूबेन आवळेनं ती पोत्यातून आणली,
मिशन दवाखान्याची रात्रपाळी संपवून, तसाच, मिरजेहून.
म्हटलं, पोरा, इथं टाक्या रंगतात, बॉनेट,
ट्रॉलीची फाळकी, फार तर एखादं गेट.
मी गिटार कधी हातात धरलेली नाही.
तो म्हणाला, जमादारचाचा, हे नुसतं धड आहे.
धरा.

धडच होतं.
चार स्क्रू काढून मान त्यानं घरीच ठेवलेली,
तारा गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात,
कुठली वायर कुठं, ते चिकटपट्टीवर पेनानं लिहून.
दवाखान्यातली सवय,
उघडण्याआधी लेबल.

एकशेवीसच्या कागदानं काळा निघाला.
काळ्याखाली लाल.
लालखाली चंदेरी, कुणीतरी स्कूटरच्या
उरल्या डब्यातून मारलेला; तो रंग मी ओळखतो,
त्याचे पैसे अजून यायचेत.
त्याखाली कंपनीचा, मधाच्या रंगाचा, कडेला करपलेला,
आणि मग लाकूड.

तीस वर्षं पत्र्यात गेली.
पत्रा रंग पीत नाही, अंगावर वागवतो.
लाकडाला सीलरचा एक हात दिला,
वळून चहा घेईतो कोरडं,
जसं काही दिलंच नव्हतं.
दुसरा दिला. तोही गेला.
तिसऱ्याला मी त्याला म्हटलं, बास की आता,
आणि दुकानात कुणी नव्हतं.

खालच्या कडेला एक खोक होती, लांबी भरून बसवली.
संध्याकाळी रूबेन आला, बोट फिरवून म्हणाला,
ही नाताळातली आहे. हिला भरू नका.
का, ते सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
ओली लांबी नखानंच परत उकरली.

फोनवर मात्र तीनदा एकच,
चाचा, मान बसते त्या खाचेत रंग नको,
केसाएवढाही नको, मान उचलते,
तारा वर राहतात.
मी तीन थर पट्टी लावली.
तारेनं छपराच्या अँगलला टांगून
पांढरा मारला, पातळ, पातळ, पातळ.

लॅकरला रविवार निवडला,
मार्केट यार्ड बंद असतं म्हणून.
शेवटचा हात ओला असताना
समोरच्या पॉलिशवाल्यानं हळदीचे ढोल सुरू केले.
दहा मिनिटं. ऑर्डर होती म्हणे.
मी गोणपाट घेऊन धावलो, शिव्या दिल्या,
हळद काय, वारा नेईल तिथं जाते.
दोन दिवसांनी हजारच्या कागदानं, साबणाच्या पाण्यानं
घासघासून पाहिलं,
वरची गेली, आतली राहिली,
दुधात पडावी तशी.

रूबेननं ट्यूबखाली धरून बघितलं, बराच वेळ.
मी दोनशे कमी करायची तयारी ठेवली होती.
तो म्हणाला, खाच दाखवा.

पट्टी ओढली.
काड्यापेटीपेक्षा जरा मोठं कोरं लाकूड,
त्यावर पेन्सिलीनं एक आकडा, एक अक्षर,
मला न वाचता येणाऱ्या लिपीत.
कारखान्यात कुणीतरी लिहिलेलं.
चंदेरीवाल्यानं ते झाकलं नव्हतं,
लालवाल्यानं नाही, काळ्यानं नाही.
तिघांनीही इथं पट्टी लावली होती,
त्या बुडव्या चंदेरीवाल्यानंसुद्धा.

मान बसली. टक्.
करंट नव्हता, तारा ताणून त्यानं बोट मारलं,
डासाएवढा आवाज आला,
आणि तो हसला, जसं काही मोठं झालं.
पैसे पुरे दिले. दोनशे घेईना.

मंगळवारी कवठेपिरानची ट्रॉली आली, हिरवी करायला.
हुकाच्या जोडाशी पिन जिथं शिरते
तिथं मी पट्टी लावत बसलो होतो.
मालक बिडी पेटवत म्हणाला,
चाचा, तिथं कोण बघतंय?